साल्हेर झकास, पण सालोटा आधी करा आणि पैशांचं खालीच ठरवा

साल्हेर आणि सालोटा हे शेजारशेजारचे दोन किल्ले एकाच दिवसात करणार असाल तर सालोटा सकाळी करा, पाय ताजे असताना. आम्हाला सगळ्यांनी नेमकं उलटं सांगितलं. "साल्हेर मोठा आहे, तो आधी उरका, सालोटा काय, खिंडीतून अर्ध्या तासाचं काम." हेच वाक्य मी नाशकात दोघांकडून ऐकलं आणि पायथ्याच्या वाघांबे गावात वाटाड्यानेही तेच सांगितलं. आमचा अर्धा तास अडीच तासांचा झाला आणि त्यातली चाळीसेक मिनिटं अशी होती की मला ती परत नकोत.

जानेवारीतला शनिवार, आम्ही चौघं, चौघंही नेहमी डोंगर चढणारे. नाशकातून पहाटे साडेतीनला निघालो, देवळा, सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत उजाडता उजाडता वाघांब्यात. २०२५च्या जुलैत साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, आपल्या नाशिक जिल्ह्यातला त्यातला हा एकच किल्ला, आणि माझा तोच बघायचा राहिलेला, हे मला किती दिवस टोचत होतं. वाट सापडते की नाही म्हणून गावातून एक वाटाड्या घेतला. ८०० रुपये, दोन्ही किल्ले, असं चहा पिताना ठरलं. ठरलं म्हणजे तोंडी, आणि तिथेच चुकलं.

गावातून दोन्ही किल्ल्यांमधली खिंड पावणेदोन तास. चढ दमवतो पण वाट मळलेली आहे, त्यात विशेष काही नाही. खिंडीतून साल्हेरच्या कोरीव पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याला चिकटून जाणारी आडवी वाट, एका हाताला गुहा आणि दुसऱ्या हाताला दरी. ही वाट रुंद आहे, घाबरायचं कारण नाही. पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकेचं मंदिर, आणि तिथून शेवटची चढाई परशुरामाच्या मंदिरापर्यंत. १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल हेच, आणि किल्ल्यांत सगळ्यात उंच. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं म्हणतात. त्या टोकावर उभं राहिलं, पश्चिमेला डांगचं जंगल पसरलेलं, इकडे मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर, मोरा, हरगड हे किल्ले ओळीने, की ते पटतं. १६७२ला याच्या पायथ्याशी शिवरायांच्या मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, मराठ्यांचे सूर्याजी काकडे इथेच पडले. मी तिथे बराच वेळ नुसता बसून होतो, डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने नव्हे.

त्या आनंदात वेळेचं भान राहिलं नाही, खिंडीत परत यायला दोन वाजले. तिथे वाटाड्या म्हणाला, "सालोट्याचे वेगळे होतील भाऊ, ७०० रुपये." मेव्हणा म्हणाला, सकाळी दोन्ही किल्ले म्हणालो होतो ना? तर म्हणे सकाळी साल्हेरचंच बोलणं झालं होतं. आता खिंडीत, दुपारी दोनला, तुम्ही काय करणार? ५००वर तोडलं आणि दिले. पैशाचं दुःख नाही, खाली ७०० मागितले असते तरी दिले असते, पण शब्द फिरवला याचा राग मला आजही आहे. त्यामुळे दोन्ही किल्ल्यांची नावं घेऊन, माणशी की सगळ्यांचे मिळून, उतरेपर्यंत सोबत की खिंडीपर्यंतच, हे सगळं चौघांसमोर बोलून घ्या आणि पैसे खाली उतरल्यावरच द्या.

आता सालोट्याची आडवी वाट. खिंडीतून सालोट्याकडे निघालं की थोड्या वेळात घसारा सुरू होतो. मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, वाट पाऊलभर, कुठे तेवढीही नाही, आणि उतार सरळ दरीत. पाऊल टाकलं की खालचा मुरूम सरकतो आणि तुम्हीही सोबत वीतभर सरकता. हात गवताला जातोच, आणि गवत मुळासकट हातात येतं. माझं दोनदा आलं. दुसऱ्यांदा मी गुडघ्यावर आलो आणि तसाच थांबलो, मागच्याला म्हटलं हलू नको. पुढच्याच्या पायाखालून सुटलेले दगड आमच्या अंगावर येत होते म्हणून एकेकाने जायचं ठरवलं, एक पलीकडे पक्क्या खडकावर पोचला की मग दुसरा. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. काठी सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. दोर होता, पण त्या घसाऱ्यावर बांधायला भरवशाचं काही आम्हाला दिसलं नाही, नुसतं ओझं झालं. बुटाचा तळ घासलेला असेल तर खिंडीतच थांबा, खरंच थांबा, यात कमीपणा नाही.

पुढे खडकातल्या पायऱ्या आणि मोठाल्या दगडांनी अडलेला दरवाजा येतो, तिथून पुढे सोपं. वर पाण्याची टाकी, आणि समोर साल्हेरचा अख्खा कडा, आपण सकाळी चाललेली वाट त्यावर रेघेसारखी. उन्ह कलताना तो कडा तांबूस झाला होता, तो बघून थकवा पाच मिनिटं विसरलो. पण परत त्याच घसाऱ्यावरून उतरायचं असतं आणि उतरणं जास्त वाईट. बसून, टाचा रोवत, एकेक फूट. मांड्या थरथरत होत्या, पाणी संपलेलं, सकाळी माणशी तीन लिटर घेतलं होतं, पाच घ्या. खिंडीच्या खाली अंधार पडला, हेडटॉर्च दोघांकडेच, गावात पोचायला साडेसात.

माझं मत विचाराल तर पावसाळ्यात आणि पाऊस उघडल्यावर लगेच सालोटा नकोच. लहान मुलं, पहिलटकर यांना साल्हेर खुशाल दाखवा, सालोटा खिंडीतून बघायचा.

गावात ज्यांच्या घरी जेवलो त्यांनी पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, वरून कांदा, सगळं पोटभर वाढलं आणि माणशी १५० घेतले. मी दोनशे पुढे केले तर मावशींनी पन्नासची नोट परत हातात ठेवली, म्हणाल्या ठरलं तेवढंच द्या.

दुसऱ्या दिवशी मुल्हेरचा किल्ला केला. सोमेश्वर मंदिर, मोती तलाव, झाडी, छान आहे, जा. मला मात्र दिवसभर तळहाताला गवताचे कापे जाणवत होते.