डरहॅमचा पवित्र गुरुवार: राजाचे दान पाहायला जाताना

ब्रिटनचा राजा ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आपल्या वयाइतक्या पुरुषांना आणि तितक्याच स्त्रियांना, प्रत्येकी आपल्या वयाइतके पेन्स दान करतो, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते शाळेतल्या अंकगणिताच्या कोड्यासारखे वाटले होते. 17 एप्रिल 2025 रोजी डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये हा विधी झाला तेव्हा चार्ल्स तिसरे 76 वर्षांचे होते, त्यामुळे 76 पुरुष आणि 76 स्त्रिया अशा एकूण 152 जणांना प्रत्येकी 76 पेन्स मिळाले. हा विधी पाहायला, म्हणजे खरे तर त्याच्या उंबरठ्यापर्यंत, मी गेलो होतो. पुढे कोणाला जावेसे वाटले तर उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

उंबरठ्यापर्यंत असे म्हणण्याचे कारण आधीच सांगतो. आतली उपासना केवळ निमंत्रितांसाठी असते आणि तिची तिकिटे विकली जात नाहीत. दान घेणारे वृद्ध, त्यांच्यासोबत आलेली माणसे, धर्मगुरू, गायकवृंद आणि स्थानिक मानकरी एवढ्यांनीच कॅथीड्रल भरते. आपण बाहेरच्या कठड्यांमागे उभे राहायचे असते. हे ठाऊक नसल्यामुळे हिरमुसलेली माणसे मी त्या दिवशी पाहिली, म्हणून हा खुलासा.

माझे बालपण वसईत गेले. पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू वेदीपुढे बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात, हे मी दरवर्षी पाहिले आहे. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले आणि एकमेकांवर प्रीती करा अशी नवी आज्ञा दिली. आज्ञेसाठी लॅटिनमध्ये ‘मांडाटुम’ हा शब्द आहे, त्याचे इंग्रजीत ‘मॉन्डी’ झाले आणि त्यावरून राजाच्या या विधीला ‘रॉयल मॉन्डी’ म्हणतात. इंग्लंडचे राजेही एके काळी गरिबांचे पाय खरोखर धूत असत. पहिली एलिझाबेथ ग्रिनिचला हा विधी करी तेव्हा तिच्याआधी धुलाईखात्याचा सेवक, मग उपदानाध्यक्ष आणि मग दानाध्यक्ष असे तिघे जण तेच पाय धुऊन घेत आणि चौथ्या खेपेस राणी गुडघे टेकून बसे. स्वतःच्या हाताने पाय धुणारा शेवटचा राजा दुसरा जेम्स मानला जातो. त्यानंतर पाण्याचे पात्र गेले, पण पंचा राहिला. आजही राजाचा दानाध्यक्ष आणि त्याचे सहायक पांढरा तागाचा पंचा झग्यावर बांधूनच विधीला उभे राहतात. गर्दीच्या दुर्गंधीवर उतारा म्हणून पूर्वी जवळ बाळगला जाणारा सुगंधी फुलांचा आणि वनस्पतींचा तुराही राजाच्या हाती अजून असतो. (दानाध्यक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. शिवकालीन अष्टप्रधानांतील पंडितरावांकडे दानधर्माचे जे खाते असे, त्याच्या जवळचेच हे पद आहे.)

दानाची सर्वांत जुनी नोंद जॉन राजाची आहे. त्याने 1210 साली यॉर्कशायरमधील नेर्सबरो येथे गरिबांना कपडे आणि अन्न दिले आणि 1213 साली रॉचेस्टरला तेरा जणांना प्रत्येकी तेरा पेन्स दिले. वयाचा आकडा पुढे चौथ्या हेन्रीच्या काळी रूढ झाला. दुसऱ्या जेम्सनंतरच्या दोन-अडीच शतकांत राजे स्वतः फिरकेनासे झाले आणि दान अधिकाऱ्यांच्या हातूनच दिले जाऊ लागले. 1932 साली पाचव्या जॉर्जने पुन्हा स्वहस्ते दान केले. हा विधी लंडनबाहेर देशभर फिरवण्याचे श्रेय मात्र दुसऱ्या एलिझाबेथ राणीला द्यावे लागते. डरहॅमला ती 1967 साली येऊन गेली होती, आणि तेव्हाची आठवण सांगणारे एक आजोबा माझ्या शेजारीच कठड्याला टेकून उभे होते.

आता जाण्याविषयी. विधीचे ठिकाण दरवर्षी बदलते आणि ते काही महिने आधी राजवाड्याकडून जाहीर होते. तारीख मात्र आपल्याला आजच काढता येते, कारण ईस्टर ठरला की त्याच्या आधीचा गुरुवार ठरलेलाच असतो. 2026 साली तो 2 एप्रिलला आणि 2027 साली 25 मार्चला येतो. त्या आठवड्यात शाळांना सुटी असते आणि शुक्रवार व सोमवार या सार्वजनिक सुट्या असतात, त्यामुळे आगगाड्या भरलेल्या असतात आणि रुळांच्या दुरुस्तीची कामेही नेमकी तेव्हाच काढली जातात. म्हणून ठिकाण कळताच परतीच्या प्रवासासकट तिकिटे काढावीत. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून डरहॅमला सुमारे तीन तास लागतात. डरहॅम छोटे गाव असल्याने मी मुक्काम न्यूकॅसलला केला, कारण तिथे हॉटेले पुष्कळ आहेत आणि आगगाडीने डरहॅम जेमतेम पाव तासावर आहे. कोणत्याही छोट्या कॅथीड्रल-नगरीत विधी असला तरी जवळच्या मोठ्या शहरात राहण्याची ही युक्ती लागू पडेल.

स्टेशन एका टेकाडावर, कॅथीड्रल दुसऱ्या टेकाडावर आणि मध्ये वेअर नदीचे वळण अशी डरहॅमची रचना आहे. चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात, पण शेवटचा चढ दगडी फरसबंदीचा आहे, तेव्हा पायात चांगले बूट हवेत. उपासना अकरा वाजता असली तरी मी साडेसातला पोहोचलो, आणि तरीही पहिली रांग मिळाली नाही. पिशवी लहान न्यावी, कारण तपासणी होते. एप्रिलची सकाळ उत्तर इंग्लंडमध्ये आपल्या हिवाळ्यापेक्षा थंड असते, आणि तीन-चार तास एका जागी उभे राहिल्यावर थंडी तळपायांतून वर चढते, हे मी दोन मोजे घालूनही अनुभवले. राजेशाहीचे विरोधकही अशा ठिकाणी येतात. 2023 साली यॉर्कला, चार्ल्स राजांच्या पहिल्या मॉन्डीच्या वेळी, त्यांचे पिवळे फलक ठळक दिसले होते. त्यांच्या शेजारी जागा मिळाली तर घोषणांसह दिवस काढावा लागेल, एवढे लक्षात ठेवावे.

माझी चूक अशी झाली की राजा-राणींचे आगमन नीट दिसेल अशी जागा धरण्यात मी सगळा वेळ घालवला. आगमन दोन मिनिटांत संपले, आणि माझ्या वाट्याला एक टोपी आणि उंचावलेले फोन आले. त्यानंतरचा तासभर दगडी भिंतीकडे पाहण्यात गेला, कारण मी उभा होतो तिथे आतले काही ऐकू येत नव्हते. पाहण्यासारखे जे होते ते नंतर सुरू झाले. मोटारी निघून गेल्या, गर्दी पांगू लागली, आणि मग हातात एक लाल आणि एक पांढरा कातडी बटवा, त्यांच्या लांब दोऱ्या बोटांना गुंडाळलेल्या, अशी वृद्ध माणसे हळूहळू बाहेर येऊ लागली. तेव्हा पुढे जाणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की राजा निघून गेल्यावर लगेच परतू नये, किमान एक तास तिथेच रेंगाळावे.

एका बाकावर बसलेल्या आजींनी, मी दुरून कुतूहलाने पाहतो आहे हे ओळखून, मला आपणहून बोलावले. आता हे दान गरिबीसाठी दिले जात नाही. चर्चची आणि परिसराची वर्षानुवर्षे सेवा केलेल्या ज्येष्ठांची त्यासाठी शिफारस होते. आजींनी कित्येक दशके आपल्या खेड्यातल्या चर्चची झाडलोट केली आणि फुले मांडली होती, आणि पत्र आले तेव्हा कोणीतरी फसवत आहे असे त्यांना वाटले होते. लाल बटव्यात पाच पौंडांचे एक आणि पन्नास पेन्सचे एक अशी चालू धाटणीची नाणी होती. पूर्वी कपडे आणि शिधा प्रत्यक्ष दिला जाई, त्याच्या बदल्यातली ही रक्कम आहे. पांढऱ्या बटव्यातली नाणी मात्र पाहातच राहावे अशी होती. एक, दोन, तीन आणि चार पेन्सची ही चांदीची नाणी खास या विधीसाठी पाडली जातात. चौघांची बेरीज दहा होते, म्हणून 76 पेन्स म्हणजे सात पूर्ण संच आणि वर सहा पेन्स. चांदी हजारात 925 भाग शुद्ध, मागच्या बाजूला मुकुटाखाली आकडा आणि भोवती पानांची माळ, आणि हे रेखाटन 1822 पासून जवळजवळ तसेच चालत आलेले. एक पेनीचे नाणे अवघे 11 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे आहे. आजींनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून मी मूठ मिटली तेव्हा त्या हसल्या. ही नाणी कायदेशीर चलन आहेत, असे त्यांचे यजमान गंभीरपणे म्हणाले, आणि आजींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की विषय तिथेच मिटला.

उपासनेची छापील पुस्तिकाही त्यांनी मला चाळू दिली. योहानाच्या शुभवर्तमानातला पाय धुण्याचा प्रसंग आणि मत्तयातले ‘मी भुकेला होतो’ हे वचन अशी दोन वाचने असतात आणि दान दोन टप्प्यांत होते. लाल पोशाखातले यीओमन रक्षक बटव्यांनी भरलेली तबके डोक्यावर घेऊन येतात, राजा स्वतः रांगेतून चालत प्रत्येकाच्या हातात बटवे देतो. घेणाऱ्यांना जागेवरून हलावे लागत नाही, देणारा त्यांच्यापर्यंत चालत येतो. आजींना नेमकी हीच गोष्ट फार भावली होती.

विधीच्या दिवशी आत जाता येणार नाही असे धरून कॅथीड्रलसाठी वेगळा दिवस ठेवावा. मी काही आठवडे आधीच एका रविवारी जाऊन आलो होतो. प्रवेशाला शुल्क नाही, दानपेटी आहे. 1093 साली बांधायला घेतलेल्या या वास्तूत संत कथबर्टची समाधी पूर्वेच्या टोकाला आणि बीड या इतिहासकार संन्याशाची समाधी पश्चिमेच्या गॅलिली चॅपेलमध्ये आहे. मुख्य दालनाच्या पश्चिम भागात फरशीवर काळ्या संगमरवराची एक आडवी रेघ आहे, ती शोधून अवश्य पाहावी. मठाच्या काळात स्त्रियांना त्या रेघेपुढे, कथबर्टच्या समाधीच्या दिशेने, जाण्यास मनाई होती. बाकावरच्या आजींना मी त्या रेघेविषयी विचारले, तर त्यांना ती दिसलीच नव्हती. सकाळी गर्दीतून आपल्या खुर्चीकडे जाताना त्या ती ओलांडून गेल्या होत्या.