बोपदेव घाटानंतरचे दिवस

पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना वळणावरच्या खडीवरून माझ्या सायकलचं चाक घसरलं. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड घातला. एवढं सांगायला दोन ओळी पुरतात. पुढचे तीन महिने मात्र सरता सरत नव्हते.

दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. डोळा लागला की टायरखाली खडी करकरायची आणि मी दचकून जागी व्हायचे. आई काही विचारायची नाही. पायाखालची उशी सारखी करून माझ्या तळपायावर हात ठेवून बसायची. भांडी घासून तिचा हात गार असायचा. त्या गारव्यानंच मला झोप लागायची.

भेटायला येणारे बहुतेक जण "थोडक्यात निभावलं" म्हणायचे. खरंच होतं ते, पण ऐकून मी आणखी एकटी पडायचे. सायकलिंग ग्रुपमधला एक दादा मात्र दर रविवारी सासवडहून परतताना घामेजल्या जर्सीतच यायचा. "परत कधी येतेस?" हे त्यानं एकदाही विचारलं नाही. पिशवीतून आणलेली पुरंदरची अंजिरं पुढ्यात ठेवायचा आणि वाटेत काय दिसलं तेवढं सांगायचा.

गुडघा पहिल्यांदा नव्वद अंश वाकला त्या दिवशी मी ढसाढसा रडले. फिजिओताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि माझं रडणं संपेपर्यंत पुढचा व्यायाम घेतला नाही.

काल दादानं सायकल दुरुस्त करून आणली. ब्रेकच्या लिव्हरवरचा ओरखडा मला विचारून तसाच ठेवलाय. मी अजून तिच्यावर बसले नाही. आज सकाळी आई सीट पुसत होती.