लेबर रूमपर्यंत आणि तिथून परत: एका टाइप वनवालीचा वृत्तांत

मला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. ३८व्या आठवड्यात कळा आणायच्या ठरल्या होत्या, त्यामुळे निघायची तारीख हातात होती. बॅगेत दुपट्यांपेक्षा माझंच सामान जास्त: मीटर, स्ट्रिप्सच्या दोन डब्या, जादा सेन्सर (त्वचेवर चिकटून सतत शुगर मोजणारा), अंगावरच्या इन्सुलिन पंपाचे सेट, इन्सुलिन पेन, ग्लुकोजच्या गोळ्या. सेन्सर दंडावर लावला होता. पोटावर नको, सिझरची वेळ आली तर मध्ये येतो.

डॉक्टरांनी दिलेला प्लॅन एका पानावर लिहून फाइलीला वरच लावला होता. शुगर ७० ते ११०, दर तासाला तपासणी, गरज पडली तर इन्सुलिनचं ड्रिप आणि सोबत ग्लुकोजचं सलाईन. खाली ठळक अक्षरात: इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलंच, "८२ आहे, मग इन्सुलिन कशाला?" शुगर ठीक असली तरी इन्सुलिन थांबलं की रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढतात, हे कळा सोसत समजावायचं त्राण माझ्यात नव्हतं. नवऱ्याने पान पुढे केलं.

पहाटे मीटरवर एकदम १९४! ड्रिप वाढवणार तेवढ्यात लक्षात आलं, बोटं चिकट होती. थोड्या वेळापूर्वीच गोळी मोडून खाल्ली होती. हात धुऊन पुन्हा टोचलं, ९७.

पण खरा घाट बाळ झाल्यावर लागतो, आणि तेव्हा कुणाचंच लक्ष शुगरकडे नसतं. वार पडली की इन्सुलिनला अडवणारे हार्मोन्स झपाट्याने उतरतात आणि कालपर्यंतचा डोस भलताच जास्त ठरतो. शेवटच्या महिन्यात मला दिवसाला ८० युनिट लागायचे, बाळंतपणानंतर २४. पंपात नवं प्रोफाइल, म्हणजे कमी डोसचं वेळापत्रक, आधीच भरलं होतं. वार पडल्यावर ते बदलायची आठवण करणं हे नवऱ्याचं काम.

तरी दुपारी पाजताना ५४ झाली. बाळ छातीशी, दोन्ही हात अडकलेले आणि गोळ्या पार खिडकीत! तेव्हापासून आधी काहीतरी खायचं, मगच पाजायला बसायचं, आणि स्ट्रॉ खोचलेला ज्यूस उशाशी.

बाळाचीही शुगर उतरू शकते, म्हणून त्याच्या टाचेतून पुन्हा पुन्हा रक्त घेतात. ते बघवत नाही. पहिलं पाजणं अर्ध्या तासाच्या आत झालंच पाहिजे. ३६व्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारून मी चीक काढून सिरिंजमध्ये गोठवला होता. दुसरं रीडिंग कमी आलं तेव्हा त्यातल्या दोन सिरिंज कामी आल्या.

आकडे माझे आहेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून आठव्या महिन्यातच लिहून घ्या, आणि बाळंतपणानंतरचा डोस विचारल्याशिवाय उठू नका.