कोंबडीवर पाक

मी अमेरिकेत आल्यापासून वडगावच्या आत्याला एक पदार्थ काही केल्या पटवता आलेला नाही. गरम वॉफल, म्हणजे खळग्यांच्या साच्यात भाजलेलं जाडसर धिरडं, त्यावर तळलेलं चिकन आणि वरून मेपल सिरपची, म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाच्या पाकाची धार. "कोंबडीवर पाक ओतत्यात? कसली माणसं की ती!" असं ती फोनवर म्हणते. सणाला पुरणपोळी आणि कटाची आमटी एकाच पानात वाढणारी हीच आत्या. आणि सकाळी हॉटेलात एका बशीत शिरा-उप्पीट मागवणारे तरी कोण? आपणच की.

मी राहतो त्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जर्मन वंशाच्या जुन्या शेतकरी घरांची यातली वेगळीच तऱ्हा. कोंबडी शिजवायची, हाडं काढायची आणि तिच्याच पाण्याची दाट ग्रेव्ही वॉफलवर ओतायची. तळण नाही, सिरप नाही. एकोणिसाव्या शतकापासून हे चालत आलंय. आपल्या तोंडाला अळणीच, आणि दोन मिनिटांत वॉफलचा लगदा.

खरी मजा कृष्णवर्णीयांच्या घराण्यात. अमेरिकेच्या दक्षिणेत तळलेली कोंबडी आणि वॉफल ही खास दिवसाची चैन. गुलामगिरीच्या काळात मालकांच्या घरी ती रांधणारे हात बहुतेक यांचेच. विसाव्या शतकात लाखो कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत आली, तशी चवही आली. १९३८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वेल्स नावाचं हॉटेल निघालं. जॅझ वाजवून वादक तिथे उत्तररात्री यायचे. जेवणाची वेळ टळलेली, नाश्त्याला अवकाश. म्हणून दोन्ही एकाच ताटात, असं सांगतात. शोध हार्लेमचा म्हणणं जरा जास्तच, खरं नाव झालं ते तिथेच. पुढे १९७५ मध्ये हार्लेमच्याच हर्ब हडसन यांनी कॅलिफोर्नियात याच पदार्थाचं 'रोस्कोज' हॉटेल काढलं.

एवढं काय आवडतं त्यात? वॉफलच्या चौकोनी खळग्यांत सिरप साचून राहतं, चिकनचं कवच मात्र कुरकुरीतच. एका घासात आधी गोड लागतं, मग मीठ, आणि शेवटी घशाशी मिरपूड. मिठामुळे गोडाने तोंडाला मिठी बसत नाही, म्हणून हात थांबत नाही. पुरणात चिमूटभर मीठ आपण उगीच घालत नाही.

तिकडे करून बघणार असाल तर मेपल सिरपच्या मागे लागू नका. झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर सिरप मिळतं, त्यामुळे इथेही ते महागच. निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळातली काकवी घ्या, त्यात थोडं लोणी घालून कोमट करा. चिकन रात्रभर मीठ-मिरपूड घातलेल्या ताकात मुरवा, मैद्यात घोळवून तळा. कांदा-लसूण मसाल्याचा मोह टाळा, काकवीशी त्याचं भांडण होतं. आणि काकवी वरून ओतू नका, वाटीत द्या. ज्याला जेवढी हवी तेवढी तो बुडवेल.