तुम्ही विचारलंत म्हणून: मी कंपनीची कबड्डी का सोडली

जानेवारी आला की क्रीडा सप्ताहाचं सर्क्युलर लागतं आणि कँटीनच्या लाइनीत कुणीतरी विचारतंच, काय हो, तुम्ही तर कॅप्टन होता, आता मैदानाकडे फिरकतसुद्धा नाही, गुडघा गेला का? परवा तर एचआरच्या नवीन मॅडम म्हणाल्या, खेळानं टीमवर्क वाढतं हे जुन्या फाइलमधलं वाक्य तुमचंच आहे, यंदा दोन शब्द बोलाल का. सात वर्षं मी गुडघ्यावर ढकलतोय. गुडघा ठणठणीत आहे.

आधी हे सांगतो की ते वाक्य मी मनापासून लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. स्टोअर्सची खिडकी म्हणजे भांडणाची जागा, लाइनवाल्यांना माल आत्ता पाहिजे आणि आम्हा स्टोअर्सवाल्यांना आधी स्लिप पाहिजे. २०१६ ला स्टोअर्स, डिस्पॅच आणि असेंब्ली मिळून एक टीम केली कारण एकट्या कुणाकडे सात धड गडी नव्हते. फर्स्ट शिफ्ट सुटली की स्क्रॅप यार्डामागच्या मातीवर फक्की मारून तासभर खेळायचो. दोन महिन्यांत काय झालं, तर लाइन थांबल्यावर शिव्या देत येणारा सुपरवायझर लाइन थांबायच्या आधी फोन करायला लागला, 'अरे, एम-आठचे बोल्ट संध्याकाळपर्यंतच पुरतील, बघ काहीतरी.' एवढंच. पण स्टोअर्समध्ये एवढ्यानं अख्खा दिवस सुधारतो.

मुंबईत ऑफिसांच्या क्रिकेटला टाइम्स शिल्डची मोठी परंपरा आहे, तिचा मान राखून सांगतो, क्रिकेटनं आमच्याकडे हे झालं नसतं. बाउंड्रीवर उभा असलेला माणूस कुणाशी न बोलता मॅच काढू शकतो. कबड्डीत शेजाऱ्याचा हात धरूनच उभं राहावं लागतं. मी लेफ्ट इनला, माझ्या डाव्या हाताला लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डावा कोपरा. रेडर, म्हणजे चढाई करणारा, जादा पॉइंटसाठी बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो तेव्हा कोपरा घोट्यावर झेपावणार की थांबणार हे डोळ्यांनी नाही, हाताला कळतं. तो बोटं दाबायचा. एकदा दाबली की थांब, हात सुटला की गेला.

हा कोपरा कंत्राटी पोरगा होता, डिस्पॅचला लोडिंगवर. चोवीस-पंचवीस वय, साताऱ्याकडचा. नाव लिहीत नाही. गोडाउनमध्ये मला 'साहेब' म्हणायचा आणि मातीत उतरला की 'दादा, मागं सर ना, वाट काय बघतोस!' असा ओरडायचा. एका मार्चएंडला माझा मोजलेला माल बिन कार्डाशी, म्हणजे रॅकवरच्या नोंदीशी जुळेना, बेअरिंगचे दोन बॉक्स कमी. सगळे घरी गेले, हा थांबला. रात्री साडेअकराला रॅकच्या मागच्या बाजूनं हाक आली, 'दादा, सापडले!' गोडाउनमध्ये त्यानं मला पहिल्यांदा आणि एकदाच दादा म्हटलं ते तेव्हा.

आता २०१९ ची फायनल. समोर पेंट शॉप. टॉसच्या आधी त्यांनी आक्षेप घेतला की आमच्यात एक गडी कंपनीचा नाही. तीन वर्षं यादीत एम्प्लॉयी कोडच्या रकान्यात मी त्याचा गेटपास नंबर भरत होतो आणि कुणी बघत नव्हतं. एचआरवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, कंपनीच्या नावाची जर्सी, ग्रुप फोटो, उद्या हा कोर्टात जाऊन म्हणेल की मी यांचाच माणूस, मग? कारण पोकळ नव्हतं हे मीही मानतो, कंत्राट नावापुरतं आहे का हे बघताना कामगाराला कोण कसं वागवतं हे निघतंच. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात त्याच्यासाठी कँटीन होतं, पाणी होतं, प्रथमोपचार होते. कबड्डी कुठून असणार.

मी म्हणालो, ठीक आहे.

तेवढ्यावर भागलं असतं. पण बदली गड्याकडे जर्सी नव्हती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्याच्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही. त्यानं चार नंबरची जर्सी काढली, उलटी झाली होती ती सुलटी केली, बाह्या आत घालून नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. जानेवारीची संध्याकाळ, नुसत्या बनियनवर उभा. मग पिशवीतून कंत्राटदाराचा निळा शर्ट काढला, घातला, वरचं बटणसुद्धा लावलं आणि मॅच संपेपर्यंत पाण्याच्या कॅनपाशी उभा राहिला.

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही, आपल्यातल्या कुणी समोरचा गडी मारला की तो आत येतो. त्या दिवशी आम्ही पेंट शॉपचे सातच्या सात मारले असते तरी हा आत येणार नव्हता. त्यांच्या रेडरनं आमच्या डाव्या कोपऱ्यातून पाच बोनस नेले. आम्ही चार पॉइंटनी हरलो.

तुम्ही म्हणाल, टीमच मागं घ्यायची होती. मीही रात्री तेच म्हणतो. मग वाटतं, बाकीच्या सहा जणांचा काय दोष, घरून बायकापोरं आली होती बघायला. आणि माझं प्रमोशन त्याच एप्रिलला होतं, हेही लिहितो, कारण नाही लिहिलं तर हे सगळं लिहिण्यात काय अर्थ आहे. पण 'ठीक आहे' म्हणताना प्रमोशन डोक्यात होतं का? नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

आणि तरीही ते वाक्य खोटं ठरवायला मी तयार नाही. ते सापडलेले बॉक्स खरे होते, तो फोन खरा होता. फक्त वाक्य लिहिताना मी त्याला टीममध्ये धरला होता आणि कंपनीनं धरला नव्हता, आणि कुणाचं खरं हे ठरवायची वेळ आली तेव्हा मी दोन शब्दांत कंपनीचं खरं केलं. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचला गेलो तर त्यानं चलन पुढं केलं, 'साहेब, सही.' राग नव्हता आवाजात. प्रॅक्टिसला मात्र परत आला नाही, आणि मे महिन्यात कंत्राटदारानं त्याला दुसऱ्या साइटवर टाकलं.

गेल्या दिवाळीत चाकणच्या स्टॉपवर भेटला. कडेवर पोरगी. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणाला, 'साहेब, कोपऱ्याला कोण असतं आता?'

मी म्हटलं, माहीत नाही रे, मी खेळत नाही आता.

'का? गुडघा?'

मी हो म्हणालो.