व्हायरस गेला, सोनोग्राफी चालूच

‘हेपॅटायटिस सी बरा झाला म्हणतेस, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?’ नणंद विचारते, शेजारीण विचारते, परवा मेडिक्लेमवाल्यानंही विचारलं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

व्हायरस गेलाय. २०१६ साली एफडी मोडून सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर घेतली (आता सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, असो). गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात व्हायरसचा आरएनए, म्हणजे खुद्द व्हायरसच उरलाय का, ते तपासलं, सापडला नाही. नव्याने लागण झाली नाही तर तो सहसा उलटत नाही. पण मला रक्त चढवलं १९९४ साली, बाळंतपणात. रक्तपेढ्यांना सी ची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. कळेपर्यंत लिव्हर निबर होऊन सिरॉसिस झाला होता. वाळवीचं औषध मारलं म्हणून खाल्लेली चौकट भरून येते का? लिव्हर थोडं सुधारतं. कॅन्सरचा धोका कमी होतो, पण जात नाही. गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून सोनोग्राफी.

एवढंच असतं तर लिहायला बसलेच नसते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं. सी ची अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीरानं बनवलेलं प्रथिन, पॉझिटिव्ह. ती येणारच, व्हायरस गेला तरी ती बहुधा जन्मभर राहते. मी आरएनएचा रिपोर्ट पुढे केला. सिस्टरनं तो उलटूनही पाहिला नाही. ‘कार्डवर दोन रेघा आल्यात ना मॅडम, मग पॉझिटिव्हच.’ फाइलवर लाल पेनानं लिहिलं, माझा नंबर यादीत शेवटी टाकला, वेगळ्या किटचे पैसे लावले. बाहुली मोठी व्हायला डोळ्यात थेंब घालत होत्या. माझ्या वेळी हातमोज्यांवर हातमोजे. थेंबांनी सगळं अंधुक झालेलं, त्यामुळे लेक काउंटरवर काय दाखवतेय ते दिसत नव्हतं, नुसता तिचा चढलेला आवाज. पैसे भरून मोकळी हो, म्हटलं. तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘माझ्या वेळचंच रक्त ना हे?’

इतक्या वर्षांत हे आमच्यात कोणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, ‘गप बस, माणसं ऐकतायत.’

रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. ‘संपलं एकदाचं’ म्हणत फिरणाऱ्या त्या बाईशी माझं अधूनमधून वाजतं. पण तिचंही काय चुकलं? मेले असते, जगले. पेढे मी आजही वाटीन. फक्त कुणी ‘म्हणजे आता काहीच नाही ना?’ म्हटलं की डोकं फिरतं, आणि ‘अजून आहे का?’ म्हटलं की त्याहून जास्त.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. लेक रजा टाकून सोबत येते म्हणते. मी नको म्हणते. त्यावरून आमची रोज फोनवर जुंपते.