टीसीएलची चोवीस पोती

ग्रामपंचायतीचं दप्तर तपासायला घेतलं की बहुतेकांची नजर आधी रस्ता, गटार, समाजमंदिर यांच्या बिलांवर जाते. मी लेखापरीक्षक, छोट्या खरेदीपासून सुरुवात करते. मोठ्या कामाला अंदाजपत्रक असतं, मोजमाप पुस्तक असतं, अभियंत्याची सही असते. छोटी खरेदी तीन दरपत्रकांवर भागते, आणि पुन्हा तिच्याकडं कुणी वळून बघत नाही.

करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या त्या गावाचं दप्तर अगदी नेटकं होतं. रोकडवहीत खाडाखोड नाही, प्रमाणकं क्रमानं लावलेली. पाणी शुद्धीकरणाच्या खर्चात टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर दिसली. वर्षभरात 600 किलो, म्हणजे 25 किलोची 24 पोती. पैसे पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतले. हा निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं वापरताच येत नाही, म्हणून कागदावर सगळं बरोबरच होतं.

पण डोसाचा हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाण्याला 5 ग्रॅम. गावची टाकी 50 हजार लिटरची, दिवसातून एकदा भरते. रोज पाव किलो, वर्षाला 91 किलो.

"पावसाळ्यात डोस वाढवावा लागतोय, मॅडम," ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले. "आणि ठेवून ठेवून पावडरीचा जोर बी कमी होतोय."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून मी वर्षभर दुप्पट डोस धरला. तरी 400 किलोंच्या वर पावडर उरत होती, आणि साठा नोंदवहीत शिल्लक शून्य.

मी सरळ टाकीवर गेले. गावाला पाणी सोडणारे, त्यात पावडर टाकणारे जलसुरक्षक तिथंच व्हॉल्व्ह फिरवत होते. पोत्यांचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडं आणि मागं उभ्या असलेल्या भाऊसाहेबांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "दिवाळीआधी दोन आलती. ती संपल्यापास्नं सांगून सांगून दमलो की. आता तसंच सोडतोय पाणी."

पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीची बाटली त्यांच्याकडं होती. अंगणवाडीजवळच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते जसंच्या तसं राहिलं. शेजारी अंगणवाडीच्या मदतनीस मुलांसाठी कळशी भरत होत्या. पाणी उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका, एवढं त्यांना सांगितलं आणि तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीत माणसं दगावली, ती याच नदीच्या काठावर. जिल्ह्यातल्या प्रत्येक पंचायतीला हे ठाऊक आहे. आणि या पंचायतीच्या भिंतीवर तर पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड लावलेलं होतं!

परत आले तेव्हा सरपंच येऊन बसले होते. "बिल किती, मॅडम? चोवीस हजार. एवढ्यासाठी गावाची बदनामी कशाला? पुढच्या महिन्यात पोती आणून टाकतो. अहवालात परिच्छेद तेवढा नको."

मला फार राग आला. बाहेर खिडकीपाशी एक आजी पाणीपट्टी भरायला उभ्या होत्या, पदराच्या गाठीतून नोटा काढून मोजत होत्या. रस्ता निकृष्ट झाला तर खड्डे पडतात, गाव ओरडतं. पावडर न टाकलेलं पाणी मात्र तसंच नितळ दिसतं. पोरं आजारी पडली तर लोक हवेला दोष देतात, दवाखान्यात पैसे घालवतात. गावानं पाण्यासाठी एकदा पट्टी भरली, सरकारी निधी म्हणून दुसऱ्यांदा कर दिला, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरला द्यायचे. हे चोवीस हजारांचं प्रकरण आहे असं मला वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही.

अर्धसमास पत्र, म्हणजे लेखापरीक्षणातला लेखी आक्षेप, त्याच दुपारी दिलं. दोन पोती सोडून बाकीची सगळी रक्कम वसूलपात्र धरली आणि बिलावर, साठा नोंदवहीवर ज्यांच्या सह्या होत्या त्यांची नावं घातली. आरोग्य केंद्राची माणसं संध्याकाळी नमुने घेऊन गेली, जाताना तात्पुरती पावडरही देऊन गेली.

पुढं पंचायतीचं अनुपालन, म्हणजे आक्षेपावरचा खुलासा आला: उरलेली पावडर वाडीवस्तीवरच्या विहिरींना वापरली. कोणत्या विहिरी, कोणत्या तारखांना, कुणाच्या हातून, आणि टाकीला मग का नाही, हे मी लेखी मागितलं आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. परिच्छेद मी वगळलेला नाही.